चिंचेखालून वांद्र्याला: नागरिकत्वाच्या चाचणीचा प्रवास

निघण्यापूर्वी मी या प्रवासाचं वर्णन पुष्कळ शोधलं. युरोपात कुठे काय खावं, हिमालयात कोणते बूट घालावेत, हे सांगणारी पुस्तकं मुलुंडच्या ग्रंथालयात कपाटभर आहेत. पण भांडुपहून वांद्र्याच्या जिल्हा कचेरीत जाऊन भारताचं नागरिकत्व मागायचं असेल तर तिथे काय विचारतात, कोण विचारतं, बसायला खुर्ची मिळते की उभ्यानेच उत्तरं द्यायची, हे मला कुठे सापडलं नाही. जे जन्माने इथले आहेत त्यांना तिकडे जावं लागत नाही, आणि जे जाऊन येतात ते कागद कपाटात ठेवून आपापल्या कामाला लागत असावेत. मी जाऊन आले आहे. मला हळू लिहायची सवय आहे, तेव्हा वाचणाऱ्यानेही घाई करू नये.

आधी मी कोण ते. माझा जन्म मॉरिशसचा. माझ्या खापरपणजोबांनी रत्नागिरीकडचं गाव सोडलं आणि ते उसाच्या मळ्यांत राबायला तिकडे गेले. घरात आम्ही क्रिओल बोलायचो, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी, आणि मराठी देवळात. गणपतीत आम्ही अजून जाखडी नाचतो. गाण्यातले निम्मे शब्द कोणाला कळत नाहीत, पण पाय चुकत नाहीत. ते शब्द कळावेत म्हणून मी शिष्यवृत्ती घेऊन मुंबईला आले. मुलुंडच्या ग्रंथालयात पुस्तकं बदलून देणारा सुनील भेटला, लग्न झालं, मी भांडुपची झाले आणि मुलुंडच्या शाळकरी मुलांना फ्रेंच शिकवू लागले.

दोन वर्षांपूर्वी सुनील गेला. सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि दुपारी फोन आला. त्याबद्दल इथे एवढंच.

मी इथे राहायचे ते सुनीलची बायको म्हणून. लग्नाच्या नात्याने केलेला नागरिकत्वाचा अर्ज अर्धवट होता, तो त्याच्याबरोबर संपला. मग इथे काढलेल्या वर्षांच्या आधारावर नवा अर्ज केला. त्यासाठी देशातली एक भाषा येते हे अधिकाऱ्यासमोर दाखवावं लागतं. जमलं नाही तर दर खेपेला इथे राहण्याची मुदत वाढवून मागायची, आणि एखाद्या खेपेला ती मिळाली नाही तर सासूबाईंना एकटीला ठेवून परत जायचं. सुनील त्यांचा एकुलता एक. त्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरताना माझा खांदा लागतो. वांद्र्याला काय पणाला लागलं होतं, ते एवढंच.

भांडुप

बोलावणं आल्यावर आमच्या चाळीने ही परीक्षा अंगावर घेतली. समोरच्या खोलीतून स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक आलं. नळावर मला किल्ले विचारले जाऊ लागले, गॅलरीत नद्या. राज्यफूल कोणतं हे तर मला इतक्यांनी विचारलं, की ताम्हण हा शब्द झोपेतही तोंडातून जायचा. मॉरिशसला परीक्षा म्हणजे घरातली खाजगी बाब असते, निकाल लागेपर्यंत शेजाऱ्याला पत्ता लागू देत नाहीत. इथे माझ्या परीक्षेची बातमी भाजीवाल्यापर्यंत गेली होती आणि तो कोथिंबिरीबरोबर शुभेच्छा देत होता.

सासूबाई मात्र या तयारीवर नाराज होत्या. त्या कुडाळकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या, सासरे भांडुपच्या कंपनीत होते तेव्हापासून तिथेच, पण बोलतात अजून मालवणी.

"ह्या फुला-पाखरांचा काय करतलंस?" त्या म्हणाल्या. "तो सायब काय तुका खावचो नाय. फक्त पुस्तकासारखा बोला नको."

"मग कसं बोलू?"

"माणसासारखा बोल गो."

चाचणीच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. मी नको नको म्हणत असताना रव्याच्या लाडवांचा डबा पिशवीत टाकला. "मी भायर बसतलंय," म्हणाल्या, म्हणजे त्या येणार हे ठरलेलं होतं.

दत्ताभाऊ रिक्षा घेऊन चिंचेखाली थांबले होते. हे सुनीलचे शाळेपासूनचे मित्र. भाड्याचं विचारलं तर त्यांनी असं काही तोंड केलं की मी पुन्हा विचारलं नाही.

"वहिनी, टेन्शन नाही घ्यायचं. झकास होणार," ते म्हणाले आणि कंपनीच्या गेटावरून रिक्षा मोठ्या रस्त्याला काढली.

पवईवरून

कांजूरमार्गच्या अलीकडे रिक्षा उजवीकडे वळून जोडरस्त्याला लागली, तसं दत्ताभाऊंनी आरशात बघत विचारायला सुरुवात केली.

"राज्यप्राणी?"

"शेकरू."

"राज्यपक्षी?"

"हरियल."

"वडापावाबरोबर काय देतात?"

"सुकी चटणी आणि तळलेली मिरची."

"पास! आता कशाला जायचं वांद्र्याला, परत फिरू."

डावीकडे पवईचा तलाव आला. जलपर्णीने निम्मा हिरवा, उरलेल्या पाण्यात उंच इमारती उलट्या उभ्या, आणि कठड्याला मगरींपासून सावध राहण्याची पाटी. सासूबाईंनी तलावाला हात जोडले. त्या कोणत्याही पाण्याला जोडतात. आमचं अख्खं बेट आडवं ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढा आम्हांला जोगेश्वरीच्या पुलापाशी पोचेपर्यंत लागला होता, आणि तिथेच दत्ताभाऊंच्या लक्षात आलं की गॅस संपत आलाय.

पंपावर रिक्षांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. गॅस भरताना प्रवाशांना उतरावं लागतं, म्हणून आम्ही तिघंही ऊन खात उभी. मी दोनदा घड्याळ पाहिलं. दत्ताभाऊ कपाळ पुसत म्हणाले, "वाट लागली."

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि माझा खांदा न घेता लंगडत रांगेच्या पुढे गेल्या. पहिल्या रिक्षावाल्याच्या हातात लाडू ठेवला.

"माझ्या सुनेची परीक्षा असा," त्या म्हणाल्या. "उशीर झालो तर बसूक देवचे नाय."

रिक्षावाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझे कानाजवळचे केस पिकले आहेत. त्याला परीक्षा कसली ते कळलं नसावं, पण तो उभा राहून ओरडला, "आंटी का एग्झाम है, जाने दे रे!" आणि ती रांग खरोखरच बाजूला झाली. डबा अर्धा रिकामा झाला. पुढे कधी कोणी मला या शहराबद्दल विचारलं तर मी नद्या आणि किल्ले सोडून हे सांगणार आहे.

वांद्रे

आता कामाचं. कचेरीत मूळ कागद आणि त्यांच्या दोन-दोन प्रती न्याव्यात. पाण्याची बाटली न्यावी. आधी एक खिडकी, मग एक बाक, मग एक मोठी खोली, मग तिच्यातली छोटी खोली. प्रश्नपत्रिका नसते. खुर्ची मिळते.

छोट्या खोलीत टेबलामागे एक मॅडम होत्या. माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, शेजारी चहाचा कप बशीने झाकलेला. त्यांनी मला त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिलं आणि शुक्रवारच्या पाणीकपातीची बातमी वाचायला लावली. मी वाचली. "म्हणजे काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गुरुवारी रात्रीच पिंप भरून ठेवायचं. आणि शेजारच्यांचंही, कारण ते विसरतात." त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहिलं.

शेकरू, ताम्हण, नद्या, किल्ले तोंडपाठ होते. त्यातलं काहीच आलं नाही. मॅडमनी फाइल उघडली.

"तुमचा कागदावरचा पत्ता पडताळणीच्या वेळी लगेच सापडला नाही, असं इथे दिसतंय. दुसऱ्या खेपेला सापडला." त्यांनी चष्मा खाली ओढला. "असं करा. मी भांडुप स्टेशनला पश्चिमेला उतरले. तुमच्या घरी कशी येऊ? सावकाश सांगा."

मला फार हायसं वाटलं. हे तर मी रोज कोणाला ना कोणाला सांगते.

"स्टेशनातून सरळ बाहेर या," मी सांगू लागले. "मोठा रस्ता ओलांडा. कंपनीचं गेट लागेल, तिथून आत वळा. भिंत धरून चालत राहा, चिंचेखाली या. चिंचेखाली कोणालाही विचारा, सुनीलचं घर कुठलं. माडीवर शेवटची खोली. तो..."

इथे मी थांबले.

"चिंच?" मॅडम म्हणाल्या. "केवढी आहे?"

आणि मी काय केलंय ते माझ्या ध्यानात आलं. ती चिंच नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ती तोडली, मी भारतात येण्याच्याही आधी. कंपनीचं गेटही नाही. कंपनी बंद पडली, तिच्या जागी बत्तीस की किती मजल्यांचे टॉवर आहेत, आणि जी भिंत धरून चालायचं ती भिंत गेली त्याला किती वर्षं झाली मला ठाऊक नाही. पाळी सुटली की कामगार त्या चिंचेखाली टेकायचे, सासरेही तिथेच तंबाखू मळायचे, असं सासूबाई सांगतात. मी एक पानसुद्धा पाहिलेलं नाही. सांगितलेलं सगळं खरं आहे अशी सही मी अर्जावर केली होती, आणि आता एका सरकारी अधिकाऱ्याला नसलेल्या गेटातून, नसलेल्या भिंतीच्या कडेने, नसलेल्या झाडाखाली नेऊन, नसलेल्या माणसाच्या घरी पाठवत होते.

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. दारातून त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

पुस्तकी मराठीत मला याचं उत्तर नीट देता आलं असतं. पण मी जे होतं ते सांगितलं.

"चिंच नाही, मॅडम. तोडली."

"कधी?"

"मी यायच्या आधी."

"म्हणजे तुम्ही ती पाहिलेलीच नाही?"

"नाही. लग्न झालं त्या वर्षी मला कोणी म्हणालं, चिंचेखाली थांब. मी पुढच्या गुलमोहराखाली तासभर उभी राहिले. म्हटलं, हीच असेल. शेवटी भाजीवालीला विचारलं, कुठली चिंच? ती म्हणाली, नवीन आहेस वाटतं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आणि गेट?"

"तेही नाही."

"आणि हे सुनील... ते घरी असतात?"

"नाही. दोन वर्षं झाली, गेले. पण घर त्यांच्याच नावाने विचारतात. माझ्या नावाने कोणी सांगणार नाही."

त्यांनी फाइल मिटली. मला वाटलं, संपलं. मनात मी सासूबाईंना जिना उतरवायला कोण येईल याची यादी करू लागले होते. मग त्यांनी बशी काढून थंड चहाचा घोट घेतला.

"मी विक्रोळीची," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे अजून सगळे पत्र्याच्या शाळेपाशी उतरतात. ती शाळा माझ्या जन्माच्या आधी पक्की झाली. पत्रा मी बघितलेला नाही." कप खाली ठेवून त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "आता जे सांगितलंत तेच लिहा. मराठीत. चिंचेसकट."

मी लिहिलं. मी मुलांना रोज फळ्यावर फ्रेंच शब्दांचे अर्थ मराठीत लिहून दाखवते, म्हणून अक्षर चांगलं आलं. 'सुनीलचं घर' पाशी पेन जरा थांबलं. मॅडमनी कागद वाचून फाइलला लावला.

"तुम्हांला तिकडचं नागरिकत्व सोडावं लागेल. विचार केलाय ना?"

केला होता. तिकडे माझी आई समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते. शेजारच्या गावाचं नाव तामारँ, फ्रेंचमध्ये चिंच. मी फोनवर तिला विचारलं होतं, तेव्हा ती क्रिओलमध्ये म्हणाली होती, "तुझी सासू एकटी आहे ना? मग मला काय विचारतेस?" मी मॅडमना फक्त "हो" म्हटलं.

"चाचणी झाली. या तुम्ही," त्या म्हणाल्या. "भाषा येते असं मी लिहितेय. नुसतं येते एवढंच नाही लिहीत, चांगली येते असं."

बाहेर आले तर सासूबाई बाकावरून उठून उभ्या होत्या.

"काय इचारल्यान?"

"घरी कसं यायचं ते."

"आणि तू काय सांगलंस?"

"चिंचेखालून."

"मग आणि खंयसून येतले?" त्या म्हणाल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

अंधेरी

परतताना सासूबाईंनी जाहीर केलं की आज घरी चूल पेटायची नाही. दत्ताभाऊंनी अंधेरीला हायवेपासून आतल्या एका मालवणी खानावळीत नेलं. चार टेबलं, भिंतीवर रोजच्या माशांची पाटी, आणि दारातच तळणाचा वास. बोंबील इतके ताजे होते की आतून पाण्यासारखे. वडे गरम. सोलकढीचा एक घोट घेऊन सासूबाईंनी वाटी बाजूला केली.

"नारळ पुडीतलो," त्या म्हणाल्या, आणि मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

मालक आला. "आजी, रोजचे एवढे नारळ कोण खवणार?"

"माका बोलव. मी खवतंय. ही माझी सून आज इथली झाली, तिका तू पुडीतला पाजतंस?"

"अजून नाही झाले," मी म्हटलं. "अजून वर कागद जायचेत."

"तू गप ऱ्हव गो."

मालकाने आत जाऊन आपल्या घरच्या डब्यातली सुरमईची आमटी आणून दिली. तिच्यात चिंच होती. मॉरिशसलाही माशाच्या कालवणात चिंच घालतात, पण मोहरी आणि कढीलिंब जास्त. तीन घासांनंतर मला सुनील आठवला. तो काटे माझ्या ताटातून काढून आपल्या ताटात ठेवायचा. मी जेवत राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आपला बोंबील अर्धा करून माझ्या ताटात ठेवला आणि दत्ताभाऊंशी पुन्हा नारळावर बोलू लागल्या.

पुन्हा वांद्रे

मधले महिने सांगण्यासारखे नाहीत. कागद गेले, कागद आले, दूतावासात जाऊन मी पासपोर्ट परत केला आणि घरी येऊन झोपून राहिले. मग शपथेचं पत्र आलं.

शपथ फार छोटी असते. संविधानाशी निष्ठा, कायद्यांचं पालन, नागरिकाची कर्तव्यं. मागे तिरंगा, समोर अधिकारी. मी उजवा हात वर केला आणि त्यांच्यामागून म्हणू लागले. दोन शब्द झाले असतील, तोच माझ्या शेजारून आणखी एक आवाज येऊ लागला. सासूबाईही हात वर करून उभ्या राहिल्या होत्या आणि एकेक शब्द जोरात म्हणत होत्या.

कारकून पुढे आला. "आजी, तुम्हांला नाही. तुम्ही आहातच नागरिक."

"मी असंय तर," सासूबाई हात खाली न घेता म्हणाल्या. "पण माका कोणी कधी इचारूक नाय. आज इचारतत, तर सांगतंय."

खोलीतले सगळे हसले. अधिकाऱ्यांनी हसू आवरलं, कारकुनाला हाताने थांबवलं, आणि शपथ पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केली. आम्ही दोघी मिळून म्हणालो. सासूबाईंचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. कागद एकच मिळाला, माझ्या नावाचा. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला, घडी पडू नये म्हणून याही खेपेला आणलेल्या लाडवांच्या डब्यावर सपाट ठेवला आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या.

घरी

त्या दिवशी दत्ताभाऊंची रिक्षा दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही बसने आलो. मोठ्या रस्त्याला उतरलो तेव्हा सासूबाईंचे गुडघे थकले होते. एवढ्याशा अंतरासाठी मी रिक्षाला हात केला. रिक्षावाला तरुण होता, नव्या गणवेशाची घडी अजून मोडली नव्हती.

"कुठे?"

"चिंचेखाली," मी म्हटलं.

त्याने फोनच्या नकाशात पाहिलं. मग रस्त्याच्या त्या टोकाला, जिथे टॉवर सुरू होतात तिकडे पाहिलं.

"कौनसी चिंच, मॅडम? उधर तो झाड ही नहीं है."

सासूबाईंनी डबा सावरला आणि, आता तू सांग, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"नवीन आहात वाटतं?" मी म्हटलं. "चला, दाखवते. आधी कंपनीच्या गेटावरून आत घ्या."